थरथर मोजणारे गावंडे सर

गावंडे सरांच्या घरी पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाला पाण्याच्या आधी धक्का मिळायचा. अमरावतीच्या त्यांच्या घरात, ओसरीवर, एक बंगई टांगलेली होती. बंगई म्हणजे झोपाळा. हे पुण्याच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे सांगावं लागत नाही. "बसा," सर म्हणायचे, आणि आपण टेकलो न टेकलो तोच मागून असा सणसणीत लोट द्यायचे की चप्पल एकीकडे आणि आपण दुसरीकडे. मग ते समोरच्या भिंतीला पाठ लावून, हाताची घडी घालून उभे राहायचे. पाय टेकवायचा नाही, बोलायचं नाही, बंगई आपणहून थांबेपर्यंत मुकाट झुलायचं. आतून सरांच्या पत्नीचा, इंदूकाकूंचा, आवाज यायचा, "अवो, पाहुन्याले पानी तर पिऊ द्या!" पण पाणी बंगई थांबल्यावरच.

ती थांबली की सर विचारायचे, "थांबली काहून?"

बहुतेक लोक म्हणायचे, थांबणारच की. यावर सर खरोखर दुखावले जायचे.

"थांबनारच म्हंजे? तुमी पाय लावला नाई, म्या हात लावला नाई. मंग एवढा मोठा झोका गेला कुठी? कोनं खाल्ला?"

सर आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात कंपनांचा विषय शिकवायचे. मी आधी त्यांचा विद्यार्थी होतो, नंतर त्यांच्याच प्रयोगशाळेत त्यांच्या हाताखाली शिकवायला लागलो. बाकीचे इंजिनिअर यंत्र चालवायच्या मागे असतात; सरांना हललेली वस्तू शांत कशी होते याचं वेड. त्या शांत होण्याला पुस्तकात अवमंदन म्हणतात. हा शब्द सर फक्त परीक्षेच्या पेपरात लिहायचे. वर्गात त्यांचा शब्द एकच, 'खानारा'. "कोन्याबी मशीनमंदी खानारा कोन आहे थे पयले शोधा. खानारा नसन तर हादरा आगाऊ पाहुन्यासारखा येईन आन् जाईनच नाई."

मोबाइलमध्ये हादरे मोजणारा एक बारीकसा भाग असतो हे ज्या दिवशी सरांना कळलं, त्या दिवसापासून आमचे मोबाइल आमचे राहिले नाहीत. समोर दिसेल त्याचा फोन मागून घ्यायचे आणि चिकटपट्टीनं कशालाही चिकटवायचे. पाण्याच्या पंपाला, चिखलदऱ्याला जाणाऱ्या एसटीच्या खिडकीला, एकदा तर प्राचार्यांचाच फोन प्राचार्यांच्या खुर्चीला, प्राचार्य तीत बसलेले असताना. मोजणी रंगात आली असताना त्या फोनवर कुणाचा तरी फोन आला आणि सगळे आकडे बिघडले. "तुमी बंद काहून नाई ठेवला?" म्हणून सर उलट प्राचार्यांवरच उखडले.

सरांच्या हिशेबी खाणारे दोन जातीचे. एक ओला आणि एक कोरडा. तेलात किंवा पाण्यात हलणाऱ्या वस्तूचा खाणारा ओला. तो दर झोक्यातला ठरावीक हिस्सा खातो. मोठ्या झोक्याचा मोठा घास, लहानाचा लहान. त्यामुळे हलणं संपता संपत नाही, पण निवतं तेव्हा वस्तू बरोबर मधोमध येऊन उभी राहते. गंजलेल्या कडीचं घासणं हा कोरडा खाणारा. तो दर वेळी सारखाच घास घेतो, काम झटकन उरकतो, आणि वस्तू जिथे असेल तिथेच अडकवून ठेवतो. बहुतेकदा मधल्या जागेपासून जराशी तिरपी.

हे शास्त्र इथवर ठीक होतं. पण सरांनी ते माणसांना लावलं. आमचे प्राचार्य कोरडे: राग एका मिनिटात बंद, पण माणूस वर्षभर आपल्याशी जरासा तिरपा. इंदूकाकू ओल्या: राग आठ दिवस कमी-कमी होत चाललेला असतो, पण एकदा संपला की मागे कणभरही राहत नाही.

"आणि तुम्ही?" मी एकदा विचारलं.

"मले रागच येत नाई," सर म्हणाले. आत स्वयंपाकघरात काहीतरी जोरात आपटल्याचा आवाज झाला. सरांनी मान हलवली. "पाहा. आता आठ दिवस."

सर मूळचे तिवशाकडचे, कापसाच्या शेतीतले. त्यांचे वडील बैलगाडीतून लोखंडी पिपात पाणी आणायचे आणि पाणी हिंदकळून सांडू नये म्हणून पिपात कडुलिंबाची डहाळी टाकायचे. त्या भागात सगळेच टाकायचे. सरांनी ती डहाळी थेट वर्गात आणली. चाकाच्या टेबलावर पाण्यानं भरलेला टब, टेबलाला धक्का, आणि सगळ्या वर्गानं लाट किती वेळ राहते ते पाहायचं. आधी नुसतं पाणी, मग डहाळी टाकलेलं पाणी. नुसत्या पाण्याच्या वेळी पहिला बाक भिजायचा. मग सर फळ्याकडे वळायचे आणि पानं किती, डहाळी किती खोल बुडालेली, लाटेतला कितवा हिस्सा ती दर खेपेला खाते, याचं सूत्र मांडायचे. सूत्र छान जुळायचं. फक्त पाला सुकला की चुकायचं. दर वर्षी सुकल्या पाल्यासाठी सर त्यात एक नवा आकडा घुसवायचे आणि दर वर्षी तो नव्यानं चुकायचा. याचं त्यांना जराही दुःख नव्हतं. सूत्र एकदाचं जुळून गेलं असतं तर पुढच्या वर्षी टब भरायला निमित्त कुठून आणलं असतं?

कूलरची गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण तिच्यात मेघाचं लग्न मोडता मोडता राहिलं. मेघा ही सरांची एकुलती एक मुलगी. तिच्यासाठी अकोल्याचं स्थळ आलं. मुलाचे वडील कापसाच्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात व्यवस्थापक. मे महिन्यात सर, काकू आणि सामान उचलायला मी असे घर पाहायला गेलो. अकोल्याचा मे मी इथे वर्णन करत नाही. ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायची गरज नाही आणि बाकीच्यांना ते खरं वाटणार नाही. बैठकीच्या खिडकीत कूलर होता आणि तो इतका घुमत होता की मुलाचे वडील "या बसा"सुद्धा ओरडून म्हणाले. आमच्या भागात कूलर असाच असतो. त्याच्या एका पायाखाली जुन्या चपलेचा तुकडा खुपसलेला असतो आणि वर्षानुवर्षं तो तसाच राहतो.

पोहे आले, मुलाची नोकरी सांगून झाली, काकू सगळं नीट ऐकत होत्या. सर कूलरच्या पायाकडे पाहत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "हे चप्पल कोनाची आहे?"

मुलाची आई चपापली. कुणी काही बोलायच्या आत सर इस्त्रीच्या शर्टानिशी फरशीवर पालथे झाले होते. "पोरा, तुहा मोबाइल दे बरं," ते नवऱ्या मुलाला म्हणाले. त्या बिचाऱ्यानं दिला. काकूंचा चेहरा मी पाहिला आणि लगेच दुसरीकडे पाहायला लागलो. सरांनी फोन कूलरला चिकटवला, चप्पल ठेवून मोजलं, काढून मोजलं, आणि मग तो तुकडा दोन भाग करून कूलर खिडकीच्या चौकटीला जिथे टेकला होता तिथे दोन्ही बाजूंना दाबून बसवला.

घुमणं एकदम बंद झालं. पंख्याची हवा तेवढी राहिली. खोलीत अशी शांतता झाली की चहाचे घोट ऐकू यायला लागले. मुलाचे वडील सवयीनं ओरडून "अरे वा!" म्हणाले आणि स्वतःच दचकले. मग हळू आवाजात, बहुधा त्या खोलीत पहिल्यांदाच हळू आवाजात, म्हणाले, "गावंडे साहेब, पोरगी तर आमाले पसंतच आहे. आतल्या खोलीतलाबी कूलर पाहून घेता काय?"

लग्न झालं. तो कूलर नंतर एवढा गप्प असायचा की चालू आहे की नाही हे पाहायला उठावं लागतं, अशी तक्रार व्याही करायचे.

आता चक्कीचं सांगतो. सरांची आठवण निघाली की माझ्या मनात आधी चक्कीच येते.

सरांच्या गल्लीच्या टोकाला शोभाबाईची पिठाची चक्की होती. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं चालवली, त्यावरच मुलीचं नर्सिंगचं शिक्षण चालू होतं. चक्कीच्या खोलीची एक भिंत शेजारच्या पांढरीपांडे वकिलांच्या घराची. वकील सरांपेक्षाही वयानं मोठे, बायको गेलेली, मुलं परदेशी, घरात एकटे. त्यांनी महापालिकेत तक्रार केली की चक्कीनं घर हादरतं. नोटीस आली. हादरे थांबवा, नाहीतर चक्की बंद.

सगळी गल्ली वकिलांना हसली, कारण वकील ठार बहिरे होते. कानातलं मशीन शिट्टी मारतं म्हणून ते खणात ठेवलेलं असायचं. बहिऱ्या माणसाला चक्कीचा कसला त्रास? म्हाताऱ्याची खोडी आहे, असंच सगळ्यांचं मत पडलं. माझंही.

शोभाबाई सरांकडे आली. बंगईवर बसायलाही तयार नव्हती. "सर, चक्की बंद झाली तर म्या पोरीले काय सांगू? घरी ये म्हनू?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

सर मला घेऊन निघाले, ते चक्कीवर न जाता थेट वकिलांकडे. मी वाटेत म्हणालो, "सर, त्यांना तर ऐकूच येत नाही."

"म्हनूनच," सर म्हणाले. "तुले मले आवाज येते, मंग आपल्याले वाटते का हादरलं. त्याले आवाजच येत नाई. त्याले जे समजते थो निस्ता हादराच असन. असं मशीन आपल्या लॅबमंदी तरी आहे काय बे?"

वकिलांनी आनंदानं कानात मशीन घातलं. तक्रार ऐकून घेणारा पहिलाच माणूस त्यांना भेटत होता. चक्कीकडच्या भिंतीला लागून देवघर आणि त्याला लागून त्यांची आरामखुर्ची. सर तीत बसले. मी देवघराच्या फळीवर फोन चिकटवला, शेजारी पाण्यानं भरलेली वाटी ठेवली. चक्की चालू होती. वाटीत अगदी बारीक रेघा दिसत होत्या, फोनवरही काही विशेष नव्हतं. मी सरांकडे पाहिलं. मला वाटलं, झालं, खोडीच आहे.

"आत्ता नाही," वकील म्हणाले. "आत्ता काहीच नाही. थांबा जरा."

आम्ही थांबलो. पलीकडे कुणाचं तरी दळण संपलं, शोभाबाईनं मोटर बंद केली. चक्कीचं घरघरणं मंद होत गेलं, आणि अगदी थांबायच्या आधी, सगळं संपत आलेलं असताना, खुर्चीला आतून कुणी हलवल्यासारखं झालं. वाटीतलं पाणी बाहेर सांडलं. देवघरातली घंटा आपोआप किणकिणली.

"ही!" वकील म्हणाले.

सर उठून त्यांना मिठी मारतात की काय असं मला वाटलं. त्यांनी खरंच मारली.

घरी येईपर्यंत ते रस्त्यावरच शिकवत होते. प्रत्येक वस्तूची हलायची एक आवडती चाल असते. चक्की जोरात फिरते तेव्हा तिची चाल जमिनीच्या आवडत्या चालीच्या कितीतरी पुढे असते, म्हणून काही होत नाही. पण बंद होताना ती हळू-हळू होत त्या चालीशी येते, तिथे क्षणभर रेंगाळते, आणि तेवढ्यात जमीन नाचून घेते. सुरू होतानाही तेच, पण तेव्हा ती भराभर पुढे निघून जाते. शोभाबाई वीज वाचवायला दर दळणानंतर मोटर बंद करायची. म्हणजे वकिलांना दर दळणाला धक्का. "आपन सगळे चालू चक्की पाहून हासत होतो," सर म्हणाले, "आन् थो बिचारा बंद होनारीचं सांगून राह्यला होता."

खाणारा नव्हता, तो आणायचा होता. इथे सर चुकले, आणि अशी चूक कापसाच्या घरातला माणूसच करू शकतो. आमच्याकडे कशावरही कापूस हेच औषध. जखम झाली कापूस, कानात कापूस, उशीत कापूस, भांडी पाठवायची तर मध्ये कापूस. सरांनी पिंजाऱ्याकडून दोन जाड गाद्या भरून घेतल्या आणि चौघांनी मिळून चक्कीचं सगळं लोखंडी स्टँड, मोटरसकट, त्यावर चढवलं. पहिल्या दिवशी वकील खुश. दुसऱ्या दिवशीही खुश. सर गल्लीतून छाती काढून चालत होते.

कापूस दबतो, हे आम्हा सगळ्यांना लहानपणापासून माहीत असतं. वर्षभर झोपलेल्या गादीवर कोण बसलेलं नाही? पण ते सरांच्या लक्षात आलं नाही. चक्कीच्या वजनानं गाद्या पाटासारख्या कडक झाल्या. त्यात स्टँडचे बोल्ट जमिनीतून सोडवलेले होते. आता दर दळणाला, बंद होता होता, चक्की एक छोटीशी उडी मारून पुढे सरकायला लागली. एका सकाळी शोभाबाई धावत आली.

"सर, चक्की निंगाली!"

"कुठी निंगाली?"

"बाहीर निंगाली. दारापाशी येऊन थांबली. वायर तानली गेली म्हनून थांबली, नाईतर रस्त्यावरच येत होती."

आम्ही जाऊन पाहिलं. चक्की खरोखर उंबऱ्याशी उभी होती, एखाद्या बाईनं माहेरी जायला निघावं तशी. सर आधी पोट धरून हसले. शोभाबाईही हसली. मग ती रडायला लागली आणि सरांचं हसू थांबलं, कारण महापालिकेचे साहेब पाहणीला येणार तो दिवस जवळ आला होता. वकिलांना पुन्हा धक्के बसत होते, आणि ते आधीपेक्षा जास्त.

दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गात फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'गावंडे चुकले. काहून?' आणि खडू मुलांकडे देऊन मागच्या बाकावर जाऊन बसले. दुसरा कुणी असता तर त्यानं ही गोष्ट कॉलेजच्या फाटकाबाहेर ठेवली असती. मुलांनी तास दणाणून सोडला. गादी दबते, बोल्ट का काढले, नुसती मऊ वस्तू हादरा खात नाही तर फक्त झेलून परत देते. सर मागून ओरडायचे, "बराबर! लिही! अजून कुठी चुकला गावंडे?" स्वतःच्या फजितीवर इतका खुश झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. त्या तासाला मला त्यांचा फार अभिमान वाटला, आणि तो मी कधी त्यांना बोलून दाखवला नाही.

खाणारा अखेर अकोल्यात सापडला. व्याह्यांच्या जिनिंगमध्ये मशीनचे जुने रुंद पट्टे पडले होते, रबर आणि कॅनव्हासचे थरावर थर. सर म्हणाले, नुसतं रबर खाली ठेवून चालायचं नाही. ते दोन पोलादी पत्र्यांच्या मध्ये घट्ट चिकटवायचं. पत्रे वाकायला गेले की मधलं रबर कुस्करलं जातं, आणि ते कुस्करणंच हादरा खातं. खाल्लेल्याची ऊब होते. आम्ही ते पट्ट्याचं वेटोळं एसटीत चढवलं तेव्हा कंडक्टर म्हणाला, "हे काय व्हय?"

"खानारा," सर म्हणाले.

कंडक्टरनं एकदा वेटोळ्याकडे, एकदा सरांकडे पाहिलं आणि सामानाचं तिकीट न काढताच पुढे निघून गेला.

कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये थर लावले, स्टँडखाली बसवले, बोल्ट पुन्हा जमिनीत आवळले. सर दर दळणानंतर वाकून रबराला हात लावायचे आणि शोभाबाईलाही लावायला लावायचे. "पाह्य, गरम झालं ना? तुह्या चक्कीचा हादरा व्हय हा." शोभाबाई हो म्हणायची. मला काही ते कधी गरम लागलं नाही.

पाहणीला महापालिकेचे साहेब आले. सरांनी फोनवरच्या रेघा दाखवल्या. साहेब सज्जन होते, पण म्हणाले, "सर, मला यातलं कळत नाही. तक्रारदारांचं समाधान झालं तर मी कागद बंद करतो."

"मंग त्यायलेच न्यायाधीश करा," सर म्हणाले.

चक्की बंद पाडायला निघालेल्या माणसाच्याच हाती निकाल! शोभाबाईनं पदराचं टोक दातात धरलं. पण सर शांत होते. त्यांनी वकिलांना कानातलं मशीन काढून खणात ठेवायला सांगितलं, आरामखुर्चीत बसवलं, डोळे मिटायला सांगितलं. चक्की सुरू झाली किंवा बंद झाली असं वाटलं की हात वर करायचा. एवढंच. वकील ताठ बसले. कोर्टात बसायचे तसे, मला वाटतं.

मी खिडकीतून खूण केली. शोभाबाईनं चक्की सुरू केली, घरभर आवाज भरला. वकिलांचे हात मांडीवर. तिनं गहू टाकला, दळण झालं, मोटर बंद केली. घरघर मंद होत गेली. आम्ही सगळे देवघरातल्या घंटेकडे पाहत होतो. घंटा हलली नाही. चक्की थांबली.

आणखी थोडा वेळ गेला. वकील बसलेलेच. शेवटी त्यांनी एक डोळा उघडला आणि बहिरी माणसं बोलतात तसं मोठ्यानं, कुरकुरत म्हणाले, "अहो, करा ना सुरू! किती वेळ बसवून ठेवाल म्हाताऱ्या माणसाला?"

साहेबांनी तिथेच कागदावर सही केली. शोभाबाईनं पलीकडून धावत येऊन सरांच्या पायावर डोकं ठेवलं तर सर दोन पावलं मागे सरकले आणि देवघराच्या फळीला धडकले. तेव्हा मात्र घंटा वाजली.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. सर निवृत्त झाले. मेघाजवळ राहावं म्हणून काकूंनी अकोल्याला बिऱ्हाड हलवायचं ठरवलं. निघायच्या दोन दिवस आधी शोभाबाई पुन्हा आली, घाबरलेली.

"सर, वकीलसाहेब रोज येऊन राह्यले. दारात उभे राह्यते, आत पाह्यते, चक्की चालू आहे का इचारते आन् चालले जाते. दिवसातून किती बार येते. मले भेव लागते. अजून तक्रार तर नाई करनार?"

सामान अर्धवट बांधलेलं टाकून सर निघाले. मी मागोमाग. वकिलांकडे ते बराच वेळ बसले. मी ओट्यावर होतो. वकिलांचं बोलणं बाहेर ऐकू येत होतं, कारण ते हळू बोलूच शकत नसत.

"तक्रार नाही हो. तक्रार कसली. तुम्ही केलंत ते उत्तमच केलंत. आता घंटा वाजत नाही, झोप मोडत नाही. पण सर, आधी मला कळायचं. सकाळी पहिला धक्का आला की समजायचं, गल्ली उठली. संध्याकाळी सारखे धक्के आले की समजायचं, सण आलाय. आता काही कळत नाही. घर नुसतं उभं असतं. म्हणून जाऊन पाहून येतो."

सर बाहेर आले. डोळे पुसत होते आणि हसतही होते. "म्या सगळाच खाऊन टाकला रे," मला म्हणाले. "एवढा नाई खाव लागत. चाल, पाचर पाह्यजे."

वर्कशॉपमधून सागवानाची एक पाचर आणली. स्टँडचा लोखंडी कोपरा आणि वकिलांची भिंत यांच्यामध्ये हातभराची जागा होती. तिथे सरांनी लाकडाचा एक ठोकळा बसवला आणि त्यात ती पाचर हलकेच ठोकली, थोडासा हादरा भिंतीत पोचावा इतपत. शोभाबाई आधी नको नको म्हणत होती. सरांनी तिला वकिलांचं बोलणं सांगितलं, तेव्हा ती मोटरच्या बटणापाशी जाऊन उभी राहिली.

मग सर वकिलांच्या घरात गेले. मी मध्ये, दारात, निरोप इकडून तिकडे न्यायला. सरांचं माझ्या मनात राहिलेलं शेवटचं दर्शन ते हेच. पुढे फोनवर बोलणं होत राहिलं, पण अकोल्याला जाईन जाईन म्हणता राहिलं आणि एक दिवस मेघाचाच फोन आला. सर म्हटलं की मला ती दोघं म्हातारी माणसं दिसतात. देवघराशेजारी एकाच भिंतीला दोघांनी तळहात लावलेले, वकिलांचे डोळे मिटलेले, सरांचे वकिलांच्या चेहऱ्यावर लागलेले.

शोभाबाईनं मोटर बंद केली. चक्की मंद होत गेली. घंटा वाजली नाही, वाटीतलं पाणी सांडलं नाही. पण वकिलांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं.

"आलं," ते मोठ्यानं म्हणाले. "झालं कुणाचं तरी दळण."

"कोनाचं?" सर त्यांच्या कानाशी ओरडले.

"ते नाही बुवा कळत."

"थेबी कळन," सर म्हणाले. "थांबा, पाचर अजून जराशी ठोकतो."